क्वालिटी इंजिनिअरच्या नोकरीचा अर्ज: कव्हर लेटरमध्ये काय लिहायचं आणि काय गाळायचं

मापाडी

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, अंबड इथे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत क्वालिटीसाठी अर्ज करताना सोबतचं पत्र कसं लिहावं, हे इथे अधूनमधून विचारलं जातं आणि उत्तरं चार धाग्यांत विखुरतात. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. उदाहरण क्वालिटीचंच घेतलंय, कारण पद नेमकं नसेल तर सल्लाही मोघम होतो.

सुरुवात पत्रापासून नको, जाहिरातीपासून करा. नमुन्यादाखल ही घ्या:

"क्वालिटी इंजिनिअर. प्रेशर डाय कास्टिंग आणि मशिनिंग. डिप्लोमा किंवा बी.ई. मेकॅनिकल, ३ ते ५ वर्षं. ग्राहकांच्या तक्रारी, एट-डी, पीपॅपची कागदपत्रं, एसपीसी, एमएसए. आयएटीएफ १६९४९ ऑडिटचा अनुभव. सीएमएम येत असल्यास प्राधान्य. तिन्ही पाळ्यांत काम."

नव्यांसाठी: एट-डी म्हणजे तक्रार आठ टप्प्यांत सोडवायची पद्धत, पीपॅप म्हणजे पार्टला ग्राहकाची मंजुरी घ्यायची प्रक्रिया, एसपीसी म्हणजे आकडेवारीने प्रक्रियेवर लक्ष ठेवणं, एमएसए म्हणजे मोजमापाच्या पद्धतीचीच तपासणी, आयएटीएफ १६९४९ म्हणजे वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक आणि सीएमएम म्हणजे त्रिमितीय मोजमापाचं यंत्र. आता वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे त्यांनी मागितलेली एकेक गोष्ट, उजवीकडे तिचा आपल्याकडचा पुरावा. पुरावा म्हणजे पार्ट कुठला, आपण काय केलं आणि आकडा किती. उजवीकडे "माहिती आहे" एवढंच लिहिता येत असेल तर तो मुद्दा पत्रात घ्यायचा नाही. तो रेझ्युमेतल्या यादीत राहू दे. ज्या तीन ओळींसमोर सर्वांत भक्कम पुरावा आहे त्या तीनच पत्रात येतील. वरच्या जाहिरातीत "ग्राहकांच्या तक्रारी" पहिल्या नंबरवर आहे. त्या जागेवरच्या माणसाला रोज तेच करावं लागणार, असं समजून चाला आणि तिथला पुरावा पहिला द्या.

पत्र एका ए४ पानाचं. चारही बाजूंना अडीच सेंटिमीटर समास, ११ पॉइंटचा साधा फाँट, २५० ते ३०० शब्द. पहिला परिच्छेद ४०-५० शब्दांचा: कुठल्या पदासाठी, जाहिरात कुठे पाहिली, संदर्भ क्रमांक असल्यास तो, आणि लगेच आपली सर्वांत जमेची बाजू. दुसरा परिच्छेद मोठा, १०० ते १२० शब्द, त्यात एकच काम खोलात. तिसऱ्यात उरलेले दोन मुद्दे. चौथ्यात नोटीस पीरियड, पाळ्यांची तयारी, राहण्याचं ठिकाण, फोन नंबर.

पत्र इंग्रजीतच जाणार आहे, तरी मसुदा आधी मराठीत करा. थेट इंग्रजीत बसलं की शाळेपासून घोटलेली तयार वाक्यं हातातून उतरतात. मराठीत "मी डायनॅमिक व्यक्तिमत्त्वाचा आहे" असं कोणी लिहीत नाही. तिथे माणूस काय केलं ते सांगतो.

दुसऱ्या परिच्छेदाचा फरक बघा. बहुतेक पत्रांत असं असतं: "मी मेहनती व प्रामाणिक असून मला क्वालिटीच्या सर्व टूल्सचं सखोल ज्ञान आहे. दबावाखाली काम करण्याची माझी क्षमता आहे."

त्याऐवजी: "ॲल्युमिनियम पंप बॉडीच्या बेअरिंग बोअरचा व्यास मोठा आल्याची तक्रार ग्राहकाकडून तीन महिन्यांत चार वेळा आली. एट-डी माझ्याकडे होता. पहिल्या २४ तासांत आमच्या गोदामातला, वाटेतला आणि ग्राहकाकडचा साठा वेगळा काढून शंभर टक्के तपासला. कारण शोधताना बोअर गेजचा गेज आर अँड आर टॉलरन्सच्या २७ टक्के निघाला. त्या जागी एअर गेज आणल्यावर तो ८ टक्क्यांवर आला, सीपीके १.०५ वरून १.५२ झाला आणि पुढच्या सहा महिन्यांत त्या बोअरची एकही तक्रार आली नाही."

(गेज आर अँड आर म्हणजे गेज आणि मोजणारा यांच्यामुळे मापात पडणारा फरक. सीपीके म्हणजे प्रक्रिया टॉलरन्समध्ये किती आरामात बसते त्याचा आकडा, मोठा तितका चांगला.) "मेहनती" हा शब्द नाही, तरी मेहनत दिसते. एट-डी येतो, एमएसए येतं, एसपीसी येतं, हे वेगळं सांगावं लागत नाही. जाहिरातीतल्या चार ओळी एका घटनेत बसल्या.

सहा_सिग्मा

धागा उत्तम, पण नमुन्यातच एक भोक आहे आणि ते मुलाखतीत पहिल्या दोन मिनिटांत सापडेल. गेज बदलून सीपीके १.०५ चा १.५२ होत नाही.

हिशोब करून बघा. प्रक्रिया बरोबर मध्यावर धरली तर सीपीके १.०५ म्हणजे एकूण सिग्मा (मापांच्या पसाऱ्याचं माप) टॉलरन्सच्या ०.१५९ पट. गेज आर अँड आर २७ टक्के म्हणजे गेजचा सिग्मा ०.०४५ पट. सिग्मांची सरळ वजाबाकी होत नाही, वर्गांची होते. गेज अगदी निर्दोष मानला तरी प्रक्रियेचा सिग्मा ०.१५२ च्या आसपास उरतो आणि सीपीके फार तर १.०९. मग १.५२ पर्यंतची उडी कुठून आली? समोर बसलेला क्वालिटी हेड हेच विचारणार. उत्तर नसेल तर आकडा फुगवलेला वाटेल, आणि मग पत्रातल्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

दुसरं, गेज आर अँड आरचे १० आणि ३० हे टक्के त्याच्या डोक्यात पक्के असतात. १० च्या खाली गेज चांगला, १० ते ३० मध्ये कामाचं महत्त्व बघून चालवून घेतात, ३० च्या वर नाही. म्हणजे २७ टक्क्यांचा गेज कागदोपत्री "चालून जाणारा" होता. तरी तुम्ही त्याच्यावर बोट का ठेवलंत, हे पत्रात एका वाक्यात आलं पाहिजे. उमेदवाराची खरी हुशारी तिथेच दिसते.

मापाडी

सिग्मा, अगदी बरोबर पकडलंत. मधली कडी गाळली गेली होती. गेजचं रीडिंग हलायचं, ऑपरेटर त्या रीडिंगवर टूल ऑफसेट (मशीनमध्ये टूलच्या जागेची दुरुस्ती) बदलायचा, आणि त्या सततच्या फेरबदलाने प्रक्रियेची मधली रेषा एका बाजूला सरकलेली असायची आणि पसाराही वाढायचा. नुसता गेज बदलून हे भागत नाही, ऑफसेट कधी बदलायचा याचा नियमही लावावा लागतो. सुधारलेली वाक्यं:

"बोअर गेजचा गेज आर अँड आर २७ टक्के होता. नियमात बसणारा असला तरी त्याच्या हलत्या रीडिंगवर ऑपरेटर दर दोन-तीन नगांमागे टूल ऑफसेट बदलत असल्याचं ऑफसेटच्या नोंदींवरून दिसलं. एअर गेज आणला (गेज आर अँड आर ८ टक्के) आणि सलग पाच नगांची सरासरी कंट्रोल लिमिटबाहेर गेल्याशिवाय ऑफसेटला हात लावायचा नाही, हे कंट्रोल प्लॅनमध्ये घातलं. सीपीके १.०५ वरून १.५२ झाला."

आता आकड्यामागे कारण उभं आहे. सगळ्यांनी आपापल्या पत्राला हीच चाचणी लावावी: प्रत्येक आकड्यापुढे "कशामुळे?" असं विचारायचं, आणि उत्तर पत्रात नाही तर निदान तोंडात तयार असायला हवं.

सहा_सिग्मा

आता ठीक. १.५२ वर अजून एक प्रश्न येऊ शकतो, त्याची तयारी ठेवा. चालू उत्पादनाला ग्राहक साधारण १.३३ मागतो, पण पीपॅपच्या वेळच्या सुरुवातीच्या अभ्यासाला १.६७ ची अपेक्षा असते. आपला आकडा कुठल्या टप्प्यावरचा आहे ते माहीत पाहिजे.

भरती_विभाग

भरतीच्या टेबलावरून काही गोष्टी सांगते. पत्र उघडण्याआधीच बराच निकाल लागलेला असतो.

मेलचा विषय. "रेझ्युमे", "जॉब", "अप्लिकेशन फॉर सुटेबल पोस्ट" असे विषय असतील तर मेल नंतर शोधून सापडत नाही. विषयात पद, संदर्भ, शिक्षण, वर्षं आणि नोटीस येऊ दे: "क्वालिटी इंजिनिअर – क्यूए-११ – डिप्लोमा मेकॅनिकल – ४ वर्षं – नोटीस ३० दिवस". मोबाइलवर विषयाचा पुढचा भागच दिसतो, म्हणून पद सर्वांत आधी.

जाहिरातीत वेगळं पत्र मागितलेलं नसेल तर पत्र मेलच्या अंगातच लिहा आणि रेझ्युमे तेवढा पीडीएफ जोडा. रिकाम्या मेलला दोन फायली जोडून "पीएफए" (प्लीज फाइंड अटॅच्ड) लिहून पाठवलं तर पहिली रेझ्युमेची फाइल उघडते, दुसरी उघडली जाईलच असं नाही. पोर्टलवर पत्रासाठी वेगळी जागा असेल तेव्हाच त्याचं पीडीएफ करा. फाइलच्या नावात आपलं नाव आणि पद. "सीव्ही फायनल नवीन २" नको.

मेल सध्याच्या कंपनीच्या पत्त्यावरून कधीही पाठवू नका. तो सर्व्हर कंपनीचा असतो. चाळीस कंपन्यांचे पत्ते एकाच मेलमध्ये घालून पाठवलेला अर्ज तर सगळ्यांनाच दिसतो. फॉरवर्ड केलेल्या मेलच्या विषयात पुढे "एफडब्ल्यूडी" राहतं, तेही पुसा.

पत्रात जन्मतारीख, वडिलांचं नाव, जात-धर्म, वैवाहिक स्थिती, आधार आणि पॅन क्रमांक यांतलं काहीही नको. खासगी कंपनीला पहिल्या टप्प्यावर त्याची गरज नसते. पगाराच्या स्लिपा मागितल्याशिवाय जोडू नका. आणि मुलाखतीसाठी किंवा "सिक्युरिटी डिपॉझिट" म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथे अर्जच करू नका.

मापाडी

भरतीताई, पगाराच्या अपेक्षेबद्दल तुमचं मत काय? मी पत्रात लिहू नये या बाजूचा आहे.

भरती_विभाग

जाहिरातीत विचारलं असेल तर लिहायलाच हवं, नाहीतर अर्ज अपुरा धरतात. तिथे "निगोशिएबल" हे उत्तर होत नाही. सध्याचं वार्षिक पॅकेज आणि अपेक्षित पॅकेज, दोन्ही एका ओळीत. सध्याच्या पॅकेजमध्ये ठरलेला भाग किती आणि कामगिरीवर मिळणारा किती हे वेगळं लिहा. पुढे सॅलरी स्लिपशी ताळा होतो आणि तिथे फरक निघाला की ऑफर अडकते. विचारलं नसेल तर तुमचं बरोबर, पत्रात नको.

नोटीस पीरियड मात्र विचारलेला नसला तरी लिहा. ९० दिवसांचा असेल तर खरा ९० लिहा. नोटीस बायआउटची (पैसे भरून नोटीस कमी करण्याची) सोय कंपनीच्या नेमणूकपत्रात असेल तर "नेमणूकपत्रात बायआउटची तरतूद आहे" एवढं पुरे. "तातडीने रुजू होऊ शकतो" असं लिहून नंतर तीन महिने सांगणाऱ्याची फाइल तिथेच बंद होते.

गुपित_राखा

एक मुद्दा राहतोय आणि क्वालिटीवाल्यांसाठी तो फार महत्त्वाचा आहे. तक्रारीची कहाणी लिहिताना ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग नंबर, पार्ट नंबर, त्या ग्राहकाचा पीपीएम (दहा लाख नगांमागे सदोष किती) आकडा यांतलं काहीही पत्रात येता कामा नये. बहुतेक पुरवठादारांचा ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असतो आणि तुमच्या नेमणूकपत्रातही तशी अट असते. शिवाय वाचणारा लगेच विचार करतो की हा माणूस उद्या आपल्या तक्रारीही दुसरीकडे लिहील.

"एका दुचाकी उत्पादकासाठीची पंप बॉडी" एवढं पुरतं. आकडे प्रमाणात द्या: तक्रारी चारवरून शून्यावर, रिजेक्शन निम्म्यावर, तपासणीचा वेळ नगामागे ९० सेकंदांवरून ४० वर. यात कोणाचंही गुपित फुटत नाही. एट-डीचा खरा रिपोर्ट, फिशबोनचा (कारणं शोधायच्या आकृतीचा) फोटो, गेजचा फोटो जोडायचा विचारही करू नका.

शुद्धलेखनी

इंग्रजीबद्दल. आपल्याकडच्या पत्रांत काही ठरलेल्या जागा आहेत.

"रिस्पेक्टेड सर" नको, "डिअर" पुरतं. नाव माहीत असेल तर आडनावासह "मिस्टर" किंवा "मिझ", आणि मग शेवट "युअर्स सिन्सिअरली". नाव माहीत नसेल, "डिअर सर ऑर मॅडम" असेल, तर "युअर्स फेथफुली". ही जोडी उलटसुलट होऊ देऊ नका. "युअर्स ओबीडियंटली" शाळेच्या रजेच्या अर्जात राहू दे.

"आय पास्ड आउट इन २०२०" आपल्याला कळतं, पण परदेशी वाचकाच्या लेखी तो २०२० मध्ये बेशुद्ध पडला. "कम्प्लीटेड माय डिप्लोमा" लिहा. "डू द नीडफुल", "काइंडली कन्सिडर माय कँडिडेचर अँड ऑब्लाइज", "रिव्हर्ट बॅक" ही तिन्ही काढली तरी पत्राचं काही बिघडत नाही.

काळ सांभाळा. आता करता ते वर्तमानकाळात, संपलेलं काम भूतकाळात. "आय वॉज हँडलिंग" असं लिहिलं तर काम अर्धवट सोडल्यासारखं वाटतं, "आय हँडल्ड" लिहा. आणि "वुई" कमी वापरा. पंप बॉडीच्या उदाहरणात टीम होतीच, पण एट-डी कोणाकडे होता हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

ऑडिटवाला

शुद्धलेखनी, +१. शब्दांचाच विषय निघालाय तर दोन दावे तपासून बघा. क्वालिटीच्या पत्रांत हेच सर्वांत जास्त घसरतात.

"मी आयएटीएफ १६९४९ सर्टिफाइड आहे." माणूस असा सर्टिफाइड नसतो, त्या मानकाचं प्रमाणपत्र उत्पादन करणाऱ्या जागेला मिळतं. तुम्ही अंतर्गत ऑडिटरचं प्रशिक्षण घेतलं असेल तर तसं लिहा: किती दिवसांचं, कुठल्या साली, आणि नंतर किती ऑडिटं केली. प्रशिक्षण नसेल आणि बाहेरच्या ऑडिटच्या वेळी आपल्या विभागाची कागदपत्रं दाखवली असतील तर तेच लिहा. तेही काम आहे, आणि प्रश्न आला तर नीट बोलता येईल.

"सीएमएम चालवतो." यात तीन वेगळी कामं एकत्र होतात. पार्ट फिक्स्चरवर बसवून तयार प्रोग्रॅम चालवणं हे पहिलं. अलाइनमेंट घेऊन हाताने मोजमापं काढणं हे दुसरं. ड्रॉइंगवरून, डेटम (मोजमापाचा आधार) समजून, नवा प्रोग्रॅम लिहिणं हे तिसरं. तिसऱ्याला मागणी सर्वांत जास्त. आपण कुठे आहोत ते लिहा आणि सॉफ्टवेअरचं नाव द्या, पीसी-डीएमआयएस की कॅलिप्सो. कारण एकावर हात बसलेल्या माणसाला दुसऱ्यावर वेळ लागतो, हे घेणाऱ्याला माहीत असतं.

पीपॅपचंही तसंच. त्यात १८ घटक आहेत. "पीपॅप केलं" म्हणजे त्यातलं काय? डायमेन्शनल रिपोर्ट आणि एमएसए तुमचं आणि बाकी डेव्हलपमेंट विभागाचं असेल तर तसंच लिहा. पूर्ण फाइल लेव्हल ३ ला (नमुने आणि सगळी कागदपत्रं ग्राहकाला द्यायची पातळी) बांधून ग्राहकाची सही घेतली असेल तर तो फार मोठा मुद्दा आहे, तो तिसऱ्या परिच्छेदात दडवू नका.

वर्षा_मनमाड

मधे खंड पडला असेल तर? २०१८ ते २०२३ घरच्या जबाबदारीमुळे काम बंद, त्याआधी क्वालिटीतली पाच वर्षं. पत्रात लिहायचं की नाही?

ऑडिटवाला

लिहायचं, वर्षाताई. तारखा रेझ्युमेत दिसणारच आहेत. एकच वाक्य, तिसऱ्या परिच्छेदात: "२०१८ ते २०२३ कौटुंबिक जबाबदारीसाठी काम थांबवलं होतं, आता पूर्णवेळ उपलब्ध आहे." खुलासा नको, दिलगिरी तर नकोच. त्याला लागून दुसरं वाक्य मात्र हवंच, मधल्या काळात जे बदललं ते तुम्ही शिकलात याचं. तुमच्या बाबतीत ते उघड आहे: २०१९ मध्ये एआयएजी आणि व्हीडीए (अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योगाच्या संघटना) यांची एकत्रित एफएमईए (काय बिघडू शकतं याचा आधीच केलेला अभ्यास) पुस्तिका आली. आरपीएन (जोखमीचा गुणाकाराने काढलेला आकडा) गेला, त्या जागी ॲक्शन प्रायॉरिटी (कशावर आधी काम करायचं ते ठरवणारी पातळी) आली, आणि काम सात टप्प्यांत मांडलं गेलं. जुन्या एखाद्या एफएमईएची एक प्रक्रिया नव्या पद्धतीने घरी बसून मांडा. मग "नव्या पद्धतीने एफएमईए करता येतो" हे वाक्य खरं होईल. पाच वर्षांच्या खंडाबद्दलची वाचणाऱ्याची खरी शंका हीच असते की हात जुने झाले का. त्याच शंकेला उत्तर द्या.

सांगलीकर

कुणी मराठी अर्जाबद्दल लिहिलं नाही. साखर कारखाने, सूतगिरण्या, दूध संघ, पतसंस्था इथे प्रयोगशाळा आणि क्वालिटीच्या जागांना अजूनही मराठीत अर्ज मागतात. मांडणी ठरलेली आहे: वर उजवीकडे आपला पत्ता आणि दिनांक. डावीकडे "प्रति," खाली "मा. कार्यकारी संचालक" असं पद आणि संस्थेचा पत्ता. मग "विषय:" आणि "संदर्भ:", संदर्भात वर्तमानपत्राचं नाव आणि जाहिरातीचा दिनांक. "महोदय," लिहून मजकूर. शेवटी उजवीकडे "आपला विश्वासू" किंवा "आपली विश्वासू", सही, नाव. डावीकडे "सोबत:" म्हणून जोडलेल्या कागदांची क्रमवार यादी. "स.न.वि.वि." घालू नका, तो घरगुती पत्राचा मायना आहे.

इथे "मी केलं" हे कसं लिहायचं यात लोक अडखळतात आणि "सदर कामी मजकडून कार्यवाही करण्यात आली" असं काहीतरी लिहितात. "ते काम मी केले" हे शुद्ध आणि पुरेसं औपचारिक आहे.

टाइप करताना युनिकोडच वापरा. श्रीलिपी किंवा कृतीदेवच्या जुन्या फाँटमध्ये केलेली वर्डची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. युनिकोडमध्ये करून पीडीएफ पाठवा आणि पाठवण्याआधी मोबाइलवर एकदा उघडून बघा.

भरती_विभाग

सांगलीकरांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. प्रिंट काढून, सही करून, स्कॅन केलेलं पत्र म्हणजे त्याच्या लेखी चित्र, त्यातले शब्द त्याला मिळतीलच असं नाही. वर्डमधून थेट पीडीएफ करा. तपासायची सोपी युक्ती: पीडीएफमधला मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळी क्रमाने आल्या तर ठीक. दोन रकान्यांची मांडणी, तक्ते आणि टेक्स्ट बॉक्स यांत ओळी मिसळतात.

श्टुटगार्टकर

इकडे, म्हणजे जर्मनीत, अर्ज करणाऱ्यांसाठी थोडक्यात, कारण क्वालिटीचे बरेच जण इकडे बघतात. पत्राची मांडणी डीआयएन ५००८ (पत्रलेखनाचं जर्मन मानक) प्रमाणे: डावा समास २५ मिलिमीटर, उजवा २०. विषयाची ओळ ठळक, पण पुढे "बेट्रेफ" (विषय) हा शब्द लिहायचा नाही. "झेअर गेएर्टे डामेन उंड हेरेन" (महोदया आणि महोदय) नंतर स्वल्पविराम येतो आणि पुढच्या परिच्छेदाचं पहिलं अक्षर लहान लिपीत (तो शब्द नाम नसेल तर). शेवटी "मिट फ्रॉयंडलिशन ग्र्यूसन" (स्नेहपूर्वक नमस्कार) नंतर मात्र स्वल्पविराम नाही. इंग्रजीच्या सवयीने तो हमखास पडतो.

पगाराची अपेक्षा इथे विचारलेली असेल तर वार्षिक, कर कापण्याआधीची, एकाच आकड्यात. रुजू होण्याची तारीख लिहायची, ती व्हिसाचा वेळ धरून. आणि तुमची पदवी आणि विद्यापीठ अनाबिनच्या (परदेशी पदव्यांची जर्मन माहितीसूची) यादीत कसं नोंदलंय ते आधी बघून एका ओळीत सांगितलंत तर वाचणाऱ्याची मोठी अडचण दूर होते. जर्मन येत नसेल तर पत्र इंग्रजीत पाठवा. भाषांतर यंत्रातून काढलेलं जर्मन पाठवलं की फोन जर्मनमध्ये येतो.

अबोली२२

धाकट्या भावासाठी विचारतेय. डिप्लोमा मेकॅनिकल, नंतर एक वर्ष अप्रेंटिस, इन्स्पेक्शनला. बाकी अनुभव नाही. एआयकडून पत्र करून घेतलंय, त्यातला मधला भाग मराठीत देते:

"आपल्या प्रतिष्ठित संस्थेत योगदान देण्यास मी अत्यंत उत्सुक आहे. गुणवत्ता नियंत्रणातील माझी आवड आणि समस्या सोडवण्याचे कौशल्य यामुळे मी या पदासाठी आदर्श उमेदवार आहे. मी एसपीसी, एमएसए, एफएमईए व सीएमएममध्ये पारंगत आहे."

मापाडी

अबोली, एआयचा दोष एवढाच की त्याला भावाची माहितीच मिळालेली नाही, म्हणून त्याने कुणालाही बसेल असं लिहिलं. आणि "पारंगत" हे त्याने स्वतःच्या मनाने घातलंय. ते काढायलाच हवं. एका वर्षाच्या अप्रेंटिसला एफएमईएवर प्रश्न आला तर तो मुलगा विनाकारण खोटा पडेल. चौकटी कंसातलं "कंपनीचे नाव" असं काही शिल्लक राहिलंय का, तेही बघ.

भावाला हे विचार: रोज कुठला पार्ट तपासायचा? कशाने, व्हर्निअर, मायक्रोमीटर, हाइट गेज, प्लग गेज? मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट किती? पाळीत किती नग? किती पकडले आणि पकडल्यावर काय केलं? कुठली नोंद तो स्वतः ठेवायचा? अप्रेंटिस हा शब्द लपवू नका, अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र असेल तर त्याचा उल्लेख करा. नवख्याकडून कोणी सीपीकेची अपेक्षा ठेवत नाही. त्याला माप घेता येतं का आणि ड्रॉइंग वाचता येतं का, एवढंच बघतात.

अबोली२२

धन्यवाद दादा. त्याला विचारून नव्याने लिहिलं:

"गेल्या वर्षभराच्या अप्रेंटिसशिपमध्ये मी टर्निंग विभागात शाफ्टची प्रक्रियेतली तपासणी केली. पाळीत तीन मशीन माझ्याकडे होत्या. दर तासाला प्रत्येक मशीनचे पाच नग ०.००१ मिलिमीटर लीस्ट काउंटच्या मायक्रोमीटरने तपासून एक्स-बार आर चार्ट भरणे हे माझे काम होते. एका मशीनवर सलग सात बिंदू मध्यरेषेच्या वर गेल्यावर मी सुपरवायझरला कळवले. माप अजून टॉलरन्समध्ये होते, पण इन्सर्ट झिजलेला निघाला आणि एकही नग नाकारावा न लागता तो बदलता आला. ड्रॉइंगवरील फिट, टॉलरन्स आणि रनआउटच्या खुणा मला वाचता येतात. मी सीएमएम चालवतो."

सहा_सिग्मा

हे फारच छान. माप टॉलरन्समध्ये असताना चार्ट बघून बोलणं, यासाठीच एसपीसी असतं, आणि तुमच्या भावाने ते एका वाक्यात दाखवलं. हा परिच्छेद कमी करू नका.

ऑडिटवाला

शेवटचं वाक्य तेवढं. सीएमएमवर तो नक्की काय करायचा?

अबोली२२

पार्ट फिक्स्चरवर लावायचा, तयार प्रोग्रॅम चालवायचा आणि रिपोर्ट काढून द्यायचा. पीसी-डीएमआयएस होतं.

ऑडिटवाला

मग "पीसी-डीएमआयएसवर तयार प्रोग्रॅम चालवून रिपोर्ट काढता येतो" असं लिहा. नवा प्रोग्रॅम येत नाही हे वेगळं सांगायची गरज नाही, वाचणाऱ्याला वाक्यावरूनच कळेल.

भरती_विभाग

आणि विषयाच्या ओळीत "फ्रेशर" नको, "डिप्लोमा मेकॅनिकल – १ वर्ष अप्रेंटिसशिप, इन्स्पेक्शन" लिहा. मंगळवार-बुधवारी सकाळी पाठवा, सोमवारी इनबॉक्स भरलेला असतो. सात ते दहा कामाच्या दिवसांत काही कळलं नाही तर त्याच मेलला उत्तर म्हणून तीन ओळी: पद, अर्जाची तारीख, अजून उत्सुक आहे. नवा मेल काढला की आधीचं पत्र परत शोधावं लागतं. फोन नंबर पत्रातला आणि रेझ्युमेतला एकच आहे ना, ते पाठवण्याआधी अंक मोजून बघा.